पेव म्हणजे कणगी नव्हे

लेखात ‘पेव म्हणजे धान्य साठवायची मोठी कणगी’ असं लिहिलंय, ते साफ चुकीचं आहे. कणगी जमिनीवर उभी असते, विणलेली, शेणामातीनं लिपलेली, आल्यागेल्याला दिसणारी. पेव जमिनीच्या पोटात. तोंडावर दगड, वर माती टाकून सारवलं की नवख्या माणसाला पायाखाली काय आहे ते कळू नये, हाच त्याचा उपयोग. आणि पेव कुठंही खणत नसत. काळ्या मातीत ओल धरते, म्हणून गावठाणातल्या पांढरीत, म्हणजे पांढऱ्या मातीच्या जागेत, उंचवट्यावर खणायचे. आमच्या बुलढाण्याकडच्या घरी आजोबांचं पेव अंगणातच होतं. तळाला आणि कडेनं कडबा, मग ज्वारी.

उघडायचा दिवस मला अजून आठवतो. झाकण काढल्यावर आजोबा आम्हा पोरांना जवळसुद्धा येऊ देत नसत. आत कोंडलेली हवा जीव घेते. बराच वेळ तोंड उघडं ठेवायचं, मग दोरीनं कंदील खाली सोडायचा. विझला तर कोणी उतरायचं नाही. पेवातल्या ज्वारीला एक आंबूस वास येई, तिची भाकर वेगळीच लागे. संकरित ज्वारी आली, मग सोयाबीन आलं आणि पेवं बुजवली गेली. आता ‘क्लासचं पेव फुटलं’ एवढ्यापुरताच शब्द उरलाय, तर निदान त्याचा अर्थ तरी नीट द्या. लेखात दुरुस्ती करा, ही विनंती.