रशियात बंदी ‘फक्त मुलांपुरती’ नाही

‘रशियात समलैंगिकांना कुणी हात लावत नाही. मुलांसमोर त्याचा प्रचार करू नका, एवढंच पुतिन यांचं म्हणणं आहे. पाश्चात्त्यांचं खूळ त्यांनी वेळीच रोखलं, जनताही पाठीशी आहे, आणि कुटुंबं वाचली.’ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा हा मजकूर चांगली शिकलीसवरलेली माणसं पुढे ढकलतात, याचं मला फार वाईट वाटतं.

‘मुलांपुरतं’ हे २०१३च्या प्रचारबंदीच्या कायद्यात होतं, हे खरं. डिसेंबर २०२२मध्ये ती वयाची अट काढून टाकली आणि बंदी सर्वांसाठी झाली. ३० नोव्हेंबर २०२३ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ‘आंतरराष्ट्रीय एलजीबीटी चळवळ’ अतिरेकी ठरवली. सुनावणी बंद दाराआड झाली आणि समोर प्रतिवादीच नव्हता, कारण अशी संघटनाच अस्तित्वात नाही. ना अध्यक्ष, ना सभासदांची यादी. मग सभासद कोण, हे पोलीसच ठरवणार! निकालानंतर लगेच मॉस्कोतल्या बारवर छापे पडले. जानेवारी २०२४मध्ये निझ्नी नोव्हगोरोदमध्ये एका तरुणीला ५ दिवसांची कोठडी झाली. तिचा गुन्हा काय? एलजीबीटींचं चिन्ह मानल्या जाणाऱ्या इंद्रधनुषी रंगांची, बेडकाच्या आकाराची कानातली. एका माणसाने तिला ती काढायला लावली आणि त्याचं चित्रीकरण केलं. यात लहान मुलं कुठे आली?

‘हात लावत नाही’ म्हणणाऱ्यांनी रशियातलंच चेचन्या प्रजासत्ताक आठवावं. समलैंगिक असल्याच्या संशयावरून शंभरहून अधिक पुरुषांची धरपकड झाली आणि किमान तिघे मारले गेले, असं ‘नोवाया गझेटा’ या रशियन वृत्तपत्राने २०१७मध्ये छापलं. त्यावर चेचन्याचे प्रमुख कादिरोव यांच्या प्रवक्त्याचं उत्तर असं, की चेचन्यात असे लोकच नाहीत. असते तर नातेवाइकांनीच त्यांना परतीची वाट नसलेल्या ठिकाणी धाडलं असतं. खुलासा म्हणायचा की धमकी?

राहिलं पाश्चात्त्य खूळ. पुरुषांमधल्या समलैंगिक संबंधांना ५ वर्षांपर्यंत तुरुंगवासाचा कायदा स्टालिनच्या राजवटीत, १९३४मध्ये आला आणि रशियात १९९३पर्यंत टिकला. पश्चिमेला दारं लावून बसलेल्या देशाला तो इतकी वर्षं कुणासाठी लागत होता? तिबिलिसीत जन्मलेले सोव्हिएत चित्रपट दिग्दर्शक सर्गेई पराजानोव्ह यांना १९७३मध्ये कीवमध्ये अटक झाली. समलैंगिकता हा त्यांच्यावरच्या आरोपांपैकी एक होता. त्यांनी ४ वर्षं कैद्यांच्या छावण्यांत काढली.

जनतेचं म्हणाल, तर लेवादा सेंटर या रशियन जनमत-चाचणी संस्थेच्या २०१९च्या पाहणीत ४७ टक्के लोकांनी समलैंगिकांना समान हक्क असावेत असं म्हटलं होतं. २०२१मध्ये ते ३३ टक्क्यांवर आले. मधल्या काळात, २०२०मध्ये, विवाह म्हणजे स्त्री-पुरुषांचाच, असं घटनेत लिहून घेताना सरकारने मोठा प्रचार केला होता. लोकमत आधी आणि कायदे नंतर, इतकं सरळ ते नाही.

आणि कुटुंबं? रशियात २०१४मध्ये सुमारे १९ लाख ४० हजार बाळं जन्मली, २०२४मध्ये १२ लाख २० हजारांच्या आसपास. नव्वदच्या दशकात जन्मदर कोसळला होता. त्या वेळी जन्मलेल्या मुली आज आई होण्याच्या वयात आहेत आणि त्या मुळातच कमी आहेत. त्यात युद्ध. समलैंगिकांवरच्या कोणत्याही बंदीने ही घट थांबलेली नाही.