सप्टेंबरात न दिसणारी थंडी: लेस्टरच्या काकांना उत्तर

काका, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. इंग्लंडमध्ये भाड्याचं घर ठरवताना ईपीसी (घर गरम ठेवणं किती महाग पडेल याचा अंदाज देणारा दाखला; 'ए' सगळ्यात चांगला, 'जी' सगळ्यात वाईट) बघितल्याशिवाय सही करू नका, 'ई' असेल तर दोनदा विचार करा, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत की हा नुसता कागद आहे. असेसर, म्हणजे हा दाखला देणारा तपासनीस, वीस मिनिटांत घर फिरून गेला आणि नऊ इंची विटांच्या भिंती असलेल्या, तुम्ही भाड्याने देत असलेल्या टेरेस घराला (एका रांगेत, भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांपैकी एक) ४७ गुण, म्हणजे 'ई' देऊन गेला. अगदी तसंच शेजारचं घर मात्र 'डी'. तुम्ही स्वतः तिथे राहत होता तेव्हाचं गॅसचं बिल कागदावरच्या अंदाजापेक्षा बरंच कमी यायचं. तुमच्या मित्राने हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता विजेवर घरात आणणारं यंत्र) बसवला तरी त्याचं अक्षर हललं नाही. आणि शेवटी, 'पोटाला चिमटा काढून एक घर घेतलेल्या आपल्याच माणसांना तू गुन्हेगार ठरवतेस.'

हे शेवटचं वाक्य मनाला लागलं. माझ्या लेखातून तसं वाटलं असेल तर मी मनापासून माफी मागते.

तुमच्या मित्राच्या हीट पंपामुळे माझी एक चूकही लक्षात आली. ईपीसीचं अक्षर म्हणजे घर किती ऊर्जा खातं त्याचं माप, असं मी लिहिलं होतं. ते चुकीचं आहे. 'ए' ते 'जी' हे अक्षर ठरतं ते घर गरम ठेवायला, पाणी तापवायला आणि दिव्यांना येणाऱ्या अंदाजे खर्चावरून. इथे विजेचं युनिट गॅसच्या युनिटपेक्षा कितीतरी महाग आहे. त्यामुळे हीट पंप कमी ऊर्जेत घर गरम ठेवत असला तरी अक्षर जागचं हलेलच असं नाही. ही या पद्धतीतली खरी खोट आहे. लेखातली माझी चूक मी दुरुस्त केली आहे.

बिलाचं मात्र वेगळं आहे. हिशेब करताना ठराविक राहणी धरतात: बैठकीची खोली २१ अंश, बाकीचं घर १८ अंश. घरात कोण राहतं, कोण किती काटकसर करतं, हे त्यात येतच नाही. तुम्ही आणि काकू एकच खोली गरम करून, अंगावर शाल घेऊन हिवाळे काढलेत. ती तुमची काटकसर होती, घराचा गुण नव्हता. उद्या तिथे रांगतं बाळ असलेलं जोडपं आलं, तर त्यांना सगळंच घर गरम लागेल.

भिंतीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण इथे आपली मराठी नजर फसते असं मला वाटतं. जाड भिंत म्हणजे चांगलं घर, हे आपल्या मनात पक्कं बसलेलं आहे. वाड्याच्या दगडमातीच्या भिंती दिवसाचं ऊन पोटात घेतात आणि रात्री बाहेर टाकतात, म्हणून भर उन्हाळ्यात माजघर गार राहतं. पण त्यासाठी दिवस तापावा लागतो आणि रात्र निवावी लागते. इथल्या डिसेंबर-जानेवारीत तसा चढउतार जवळजवळ नसतोच, बाहेर सतत गारठा. अशा वेळी आतली ऊब भरीव विटेतून सारखी बाहेर झिरपत राहते. १९२० नंतरच्या बऱ्याच घरांत दोन भिंतींमध्ये पोकळी सोडलेली असते. भरीव भिंतीतून त्याच्या साधारण दुप्पट उष्णता जाते. तुमचं घर मजबूत आहे यात शंका नाही, पण ते ऊब धरून ठेवत नाही.

मग शेजाऱ्याला 'डी' का? इथे तुमची तक्रार मला सगळ्यात रास्त वाटते. असेसर भिंतीला भोक पाडून बघत नाही. जे डोळ्यांना दिसतं किंवा ज्याचा कागद हातात मिळतो तेच तो धरतो. बाकीचं घराच्या वयावरून गृहीत धरतो आणि अहवालात तसं लिहितो. लॉफ्टचं, म्हणजे छताखालच्या माळ्याचं, दार खिळे ठोकून बंद असेल, तर जुन्या घरात आतलं इन्सुलेशन (ऊब अडवणारा थर) नाहीच असं धरलं जाऊ शकतं. बॉयलरचं मॉडेल कळलं नाही, खिडक्या कधी बदलल्या त्याची पावती मिळाली नाही, मागच्या बाजूच्या वाढीव खोलीचं साल कोणी सांगितलं नाही, की गुण कमी होऊ शकतात. 'ई' आणि 'डी' यांच्यातली रेषा ५५ गुणांवर आहे. तुम्ही आठ गुणांनी मागे आहात. आज अहवाल काढून छताची ओळ वाचा. तिथे इन्सुलेशन नाही असं गृहीत धरलेलं असेल आणि तुमच्या लॉफ्टमध्ये खरोखर जाड थर असेल, तर दार उघडं ठेवून पुन्हा तपासणी करून घ्या. थर नसेलच, तर २७० मिलिमीटरचा घालून घ्या. भिंतीला हात लावण्याआधी हे करायचं, कारण भिंतीचं काम फार महाग पडतं.

कायद्याची भीती तुम्हाला आज बाळगायचं कारण नाही. इंग्लंड-वेल्समध्ये नव्या भाडेकरारांना एप्रिल २०१८ पासून आणि चालू करारांना एप्रिल २०२० पासून किमान 'ई' लागतं, ते तुमच्याकडे आहे. 'एफ', 'जी'वाल्या मालकांनाही सुधारणेसाठी ३,५०० पौंडांची खर्चमर्यादा ठेवली होती. तेवढ्यात 'ई' गाठता आलं नाही तर सूट नोंदवता येते. भाड्याच्या घरांना किमान 'सी'ची सक्ती करण्याच्या प्रस्तावाबद्दलचा तुमचा संताप मात्र मला कळतो. २०२० मध्ये प्रस्ताव आला, सप्टेंबर २०२३ मध्ये तो गुंडाळला, फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा मांडला. एकच घर असलेल्या माणसाने या लपंडावात पैसे कधी आणि कशावर घालायचे? हा तुमचा प्रश्न योग्य आहे आणि तो मी माझ्या लेखात घ्यायला हवा होता.

तरीही 'नुसता कागद' हे मला मान्य नाही. त्याचं कारण माझं या देशातलं पहिलं घर. रेडिंगमधला एक फ्लॅट आम्ही सप्टेंबरात बघितला. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं, भिंतींना नवा पांढरा रंग होता. एजंटने सहीसाठी घाई केली आणि आम्ही केली. नोव्हेंबरात खिडक्यांवरून पाणी ओघळायला लागलं. डिसेंबरात कपाट पुढे ओढलं तर मागची भिंत बुरशीने काळी. माझा मुलगा तेव्हा दोन वर्षांचा होता, रात्ररात्र खोकायचा. विजेचे हीटर लावून ठेवले की बिल बघवत नसे, बंद केले की त्याचे हात गार पडत. फेब्रुवारीत कोणीतरी सांगितलं म्हणून पोस्टकोड घालून सरकारी नोंद उघडली. 'एफ', ३४ गुण. एकेरी काचा, इन्सुलेशन नाही, सगळं लिहून ठेवलेलं. सही करायच्या आधीपासून ते तिथे होतं. आम्हाला तो कागद कोणी दाखवला नाही आणि मागायचा असतो हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

आपली बहुतेक मुलं इथे सप्टेंबरातच येतात, काका. घर उन्हात बघतात आणि कराराने हिवाळ्यात अडकतात. पुढची थंडी त्यांना आधी दिसेल असं त्यांच्या हातात एवढंच एक साधन आहे. वीस मिनिटांत केलेलं, अंदाजांवर उभं असलेलं, पण आहे.

तुम्ही लिहिलंय की पुढच्या महिन्यात नागपूरच्या दोन मुली तुमच्याकडे राहायला येणार आहेत. ईपीसीची प्रत भाडेकरूला मोफत द्यावीच लागते, ती तुम्ही द्यालच. सोबत ती पाच मिनिटं समजावूनही सांगा: कोणती खोली गार पडते, बॉयलरचा टायमर कसा लावायचा, खिडकीवर पाणी धरलं तर काय करायचं. त्या घरात इतके हिवाळे काढलेल्या तुमच्याइतकं हे कोणत्याच असेसरला माहीत नसेल. लॉफ्टच्या ओळीत काय निघालं तेही कळवा; अहवालातली भाषा अडली तर मला मेलवर पाठवा, आपण मिळून वाचू.