मामा, हात ठेवा

काल संध्याकाळी तासभर मी मामा होते. नाटकात वगैरे नाही, चर्चमध्ये, पोराच्या कन्फर्मेशनच्या प्रॅक्टिसला.

रविवारी बिशप येणार, कन्फर्मेशन म्हणजे दृढीकरणाचा विधी, बाप्तिस्म्यात मिळालेली श्रद्धा पक्की करायचा, प्रत्येक मुलामागे एक स्पॉन्सर, म्हणजे श्रद्धेच्या वाटेवरचा पाठीराखा, उभा राहणार. आमचा स्पॉन्सर म्हणजे माझा धाकटा भाऊ, आणि त्याची मीटिंग होती. ही मीटिंग दर वेळी नेमकी प्रॅक्टिसच्याच वेळेला कशी उगवते देव जाणे. सिस्टर म्हणाल्या, तोवर तुम्ही उभ्या राहा मामांच्या जागी. राहिले. लगेच माईकवरून, "मामा, हात ठेवा खांद्यावर!" मी इकडेतिकडे बघतेय, कोणाचा मामा. "अहो मामा, तुम्हालाच! उजवा हात! तो डावा आहे!"

उजव्या हातात फाइल होती हो. फाइलमध्ये बाप्तिस्म्याचा दाखला. घरी एक लॅमिनेट करून ठेवलाय पण तो चालत नाही, ताजा पाहिजे, आणि ताजा मिळतो जिथे बाप्तिस्मा झाला त्याच चर्चमध्ये, कारण पुढे दृढीकरण असो की लग्न, नोंद त्याच जुन्या रजिस्टरात जाते. व्यवस्था चोख आहे, माणूस सुटत नाही. पण त्यापायी तीन खेपा मी घातल्या. मामाने शून्य.

तेवढ्यात पहिल्या बाकावरून काठी आपटल्याचा आवाज.

"आई चालत नाही!"

एक आजोबा. त्यांचं कोणीच त्या बॅचमध्ये नव्हतं हे नंतर कळलं, ते नुसतेच येऊन बसतात.

"आजोबा, प्रॅक्टिस आहे."

"म्हणून काय झालं? 1983 च्या चर्चच्या कायद्यात आहे, आईबाप सोडून. सोळा पूर्ण पाहिजेत, स्वतःचं दृढीकरण झालेलं पाहिजे."

"माझं झालंय."

"पण तुम्ही आई आहात ना?"

"सध्या मामा आहे."

हे त्यांना पटलं असावं, कारण ते पुढच्या तक्रारीकडे वळले. "आणि चापट कुठाय?" कुठली चापट? तर म्हणे, आमच्या वेळी कपाळाला तेल लावून झालं की बिशप गालावर हलकी चापट द्यायचे, ख्रिस्तासाठी सोसायची तयारी पाहिजे म्हणून. 1971 ला नवा विधी आला आणि चापट गेली, आणि तेव्हापासून पोरं बिघडली. हे एवढं सांगून थांबावं ना, नाही. उठले, काठी माझ्या हातात दिली (फाइल, बाटली, जॅकेट, आता काठी), आणि दोन बोटांनी माझ्या पोराच्या गालावर टप्पकन करून दाखवलं.

नेलकटर दिसला तरी भोकाड पसरणारं हे पोर. पवित्र आत्म्याची सात दानं म्हण म्हटलं की सहावर अडकतं, आणि राहतं ते नेमकं देवाचं भय. त्याने शांतपणे दुसरा गाल पुढे केला.

आजोबा गहिवरले. डोळे पुसले. "कोणाचं हो हे पोर? कोणी शिकवलं याला?"

मी तोंड उघडणार, तर सिस्टर यादीतून मान वर न करता म्हणाल्या, "ते मामांबरोबर आहे."

मामा बनवणं म्हणतात ते हेच.

हसू आलं, नाही असं नाही, पण घरी येईपर्यंत ते उतरलं होतं. दोन वर्षं दर रविवारी याला उठवून, मोजे शोधून धर्मशिक्षणाच्या वर्गाला मी पोचवलंय, तापातही. आईबाप नकोत यामागचं कारण कळतं मला, ते तर आहेतच, पोराला बाहेरचं आणखी एक माणूस हक्काचं मिळावं. बरोबर आहे. पण बिशप अंगठ्याने कपाळावर क्रूस काढतील तेव्हा त्या खांद्यावर हात असणार मीटिंगवाल्याचा, आणि मी आठव्या रांगेत खांबाआडून मान वाकडी करून मोबाईलवर व्हिडिओ काढणार. आणि त्यात पोराची पाठच येणार, मामाच्या पाठीमागे.

रात्री त्याचा फोन आला. प्रॅक्टिस कशी झाली हे विचारलं नाही, शर्ट पांढरा की निळा हे आधी. मग ठेवता ठेवता, "ताई, तो हात ठेवायचा असतो ना, उजवा की डावा गं?"

मी म्हटलं, डावा.