धुळेकरांना सवलत नाही

मागल्या रविवारी मी दोनशे रुपये भरून गल्ली नंबर चार बघून आलो. धुळं ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, ही गल्ली बघायला पैसे पडत नाहीत. आग्रा रोडवरून आत वळलं की ती लागतेच. मी तिथेच जन्मलो, तिथल्याच गटारीत माझे किती चेंडू गेले त्याची मोजदाद नाही. पुढे देवपुरात फ्लॅट घेतला, तरी चक्की आणि किराणा अजून त्याच बाजूला.

सगळा दोष आमच्या साडूंचा. ते पुण्याचे. पुण्यात दर रविवारी कुठल्या ना कुठल्या वाड्यासमोर चाळीस माणसं वर बघत उभी असतात म्हणे. त्यांनी मोबाईलवर शोधून काढलं की आता धुळ्यातही हेरिटेज वॉक निघतो, आणि मला न विचारता माझं नाव घातलं. पैसे मात्र जमण्याच्या ठिकाणी ज्याचे त्याने द्यायचे होते. पाच कंदीलला सकाळी सात वाजता. आम्ही सातला, गाईड पावणेआठला. तोवर ऊन गुडघ्यापर्यंत आलं होतं.

गाईड नाशिकचा तरुण मुलगा. खादीचा कुर्ता, कमरेला बांधलेला स्पीकर आणि गालाशी माईक. त्या स्पीकरला मध्येच शीळ घालायची खोड होती, त्यामुळे रस्त्यावरची कुत्री सुरुवातीपासून आमच्याबरोबर. मी हळूच विचारलं, धुळेकरांना काही सवलत? तो म्हणाला, "काका, धुळेकर येतच नाहीत." आणि त्याने माझ्या गळ्यात एक पुठ्ठा अडकवला. त्यावर लिहिलं होतं, पाहुणा क्र. १४.

इथल्या गल्ल्यांना नंबर आहेत. एक, दोन, तीन, चार. आम्ही लहानपणापासून पत्ता असाच सांगतो आणि कुणालाही त्यात गैर वाटत नाही. पण गल्लीला नंबर असणं वेगळं आणि गल्लीतल्या माणसाला त्याच गल्लीत नंबर मिळणं वेगळं. समोरून दूधवाला आला. त्याने पुठ्ठा वाचला, माझ्या तोंडाकडे बघितलं, परत पुठ्ठा वाचला आणि काही न बोलता सायकल हाणली. बोलला असता तर बरं झालं असतं.

"इमॅजिन करा," गाईड म्हणाला. हा त्याचा आवडता शब्द. "१८१९ साल. या गावात फक्त ४०१ घरं आणि २५०९ माणसं. मग येतो कॅप्टन जॉन ब्रिग्ज!" शीळ. कुत्री. त्याचे आकडे बरोबर होते, हे कबूल. खानदेश १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला, ब्रिग्जसाहेबाने कारभारासाठी धुळं निवडलं, सरळ रस्ते आखले, बाहेरगावच्या व्यापाऱ्यांना जागा देऊन बसवलं. पण त्याच्या आधीचं काय? १८०३ च्या दुष्काळात आणि होळकरांच्या धामधुमीत हे गाव पार ओस पडलं होतं. दुसऱ्याच वर्षी पेशव्यांचे सरदार विंचूरकर यांचा माणूस बाळाजी बळवंत, त्याने पुन्हा माणसं आणून वसवलं. ब्रिग्जला आखायला मुळात काहीतरी होतं ते त्याच्यामुळे. मी हे सांगायला तोंड उघडलं तर गाईड म्हणाला, "काका, प्रश्न शेवटी." हा प्रश्न नव्हता. पण शेवटी म्हणजे शेवटी. बाळाजी बळवंत दोनशे वर्षं थांबला आहे, अजून दीड तास थांबेल.

आणि मग नाना बाहेर आले.

गल्लीत सगळे त्यांना नाना म्हणतात, मीही म्हणतो. मिलमधून रिटायर झाल्याला बरीच वर्षं झाली. त्या दिवशी नळाची पाळी नव्हती, म्हणून घरी दाढी न करता ते सलूनमध्ये बसले होते. गाईडचा आवाज स्पीकरवरून आत गेला आणि नाना जसे होते तसे बाहेर आले. जसे होते म्हणजे, गळ्याला पांढरं फडकं बांधलेलं, उजवा गाल गुळगुळीत, डाव्या गालावर साबणाचा फेस. त्यांच्यामागे वस्तरा हातात धरून सलूनवाला पोरगा. पुण्याहून आलेल्या एक बाई चटकन मागे सरकल्या.

"ओ भाऊ, थांब. काय सांगी ऱ्हायना तू?"

गाईड हसला. त्याला वाटलं, लोकजीवन आलं.

"ब्रिग्ज कोन? हाई गाव विश्वेश्वरय्यानी बसाडेल शे. मन्हा बाप सांगे."

आता हे धुळ्यातलं जुनं दुखणं आहे. इथे कुणालाही विचारा, गावाचा आराखडा विश्वेश्वरय्यांनी केला असंच सांगेल. लग्नात सांगतात, मयतीला सांगतात, रेल्वेत अनोळखी माणसाला सांगतात. विश्वेश्वरय्या जन्मले त्याच्या चाळीसेक वर्षं आधी हे रस्ते आखून झाले होते. ते खानदेशात आले १८८४ साली, सरकारी बांधकाम खात्यात नवेकोरे इंजिनियर म्हणून. साक्रीकडे दातर्तीला त्यांनी पांझरेच्या पात्राखालून सायफनने पाणी पलीकडे नेलं. एवढं मोठं काम नावावर असताना त्यांना गल्ली नंबर चार कशाला हवी?

गाईडने तारखा सांगितल्या. नानांनी त्या ऐकून घेतल्या आणि फेसाचं बोट त्याच्या छातीशी नेऊन म्हणाले, "तू तारखा सांगू नको. तू पानी सांग. त्यानी नदीखालतून पानी काढं. आते वरतूनबी येत नही."

यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. एक तर ते खरं होतं. आणि दुसरं म्हणजे फेस वाळायला लागला होता. मार्चातलं आमच्याकडचं ऊन, त्याला दाढीचा साबण म्हणजे काय! गालावर आधी चिरा पडल्या, मग पापुद्रे सुटले. नाना प्रत्येक मुद्द्याला थोडे थोडे गळत होते. सलूनवाला पोरगा मागून वाटीतला ब्रश फिरवून पुन्हा पुन्हा फेस लावायचा, नाना मान जरा तिरकी करून द्यायचे आणि बोलणं तसंच चालू. दोघांची इतकी सवय जुळलेली की माईकवाला गाईड तिथे उपरा वाटायला लागला.

शेवटी गाईडने काय केलं? तो म्हणाला, "दोघांचंही योगदान आहे." आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या!

मला राजवाडे आठवले. इतिहासाचार्यांनी अस्सल कागदासाठी उभा महाराष्ट्र पालथा घातला, १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं, आणि १९२६ च्या शेवटच्या दिवशी देह ठेवला तो याच गावात. दुसऱ्या वर्षी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ इथे उभं राहिलं. त्यांचं दप्तर जिथे आहे त्या गावात वाद मिटवायला हात वर करून टाळ्या. मी हे साडूंच्या कानात बोललो, तर ते म्हणाले, "राजवाडे तसे आमचेच." पुण्याच्या माणसाशी या विषयावर उपाशीपोटी बोलू नये. तिकिटातले पोहे अजून मिळायचे होते.

नाना काही सलूनमध्ये परत गेले नाहीत. ते आता वॉकमध्ये होते, बिनपैशाचे आणि बिनपुठ्ठ्याचे. गाईड एका दारापुढे थांबला. दगडी जोतं, सागवानी चौकट, वर गणेशपट्टी, बाजूला कोरलेले पोपट. त्याच्या वरच्या नक्षीदार सज्जावर कुण्या भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स ताणलेला. भाऊ मध्ये, खाली शुभेच्छुकांचे तीसेक चेहरे, सगळ्यांना काळे चष्मे. "फ्लेक्स नाही असं इमॅजिन करा," गाईड म्हणाला. दारातून आत डोकावलं तर वाडाही इमॅजिनच करावा लागत होता. आत मोकळा चौक, त्यात मोटरसायकली. खांब कुठे गेले? नाना म्हणाले, टेम्पोत गेले. जुन्या सागवानाला गिऱ्हाईक असतं, बाहेरगावच्या हॉटेलवाल्यांना शोभेला लागतात. वाडा विकून लोक बाहेर पडतात, खांब विकून आणखी बाहेर पडतात, मग चौकट तेवढी राहते आणि ती बघायला आम्ही रांगेत उभे. मी विनोद करत नाहीये. त्या चौकटीला हात लावला तर वाळवीचा भुगा हाताला आला, आणि गाईड म्हणाला, "प्लीज डोन्ट टच."

पुढचं दुकान मोबाईलच्या कव्हरांचं. शटर बंद, त्यावर रंगवलेलं, 'येथे वाहने उभी करू नयेत'. खाली तीन वाहने. गाईड भरभर चालत म्हणाला, "पुढे या, पुढे या, इथं काही नाही."

तिथे आमचं घर होतं. धाब्याचं. वर पांढरी माती, उन्हाळ्यात तिच्यावर आईचे बिबडे, म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड, वाळायचे आणि आम्हा पोरांना राखणीला बसवायचे. राखण म्हणजे अर्धे ओले बिबडे खाऊन कावळ्यावर घालायचं. मी काही बोलणार नव्हतो. प्रश्न शेवटी होते.

पण नाना होते ना. "काही नही कसं?" ते ओरडले. "हाऊ आठेच जलमना!" आणि फेसाचं बोट माझ्याकडे.

सगळे वळले. पाहुणा क्रमांक चौदा आठेच जलमना! गाईडचा चेहरा उजळला. एवढा वेळ ज्याला मी काका होतो त्याला मी एकदम सर झालो. "सर, दोन मिनिटं शटरसमोर उभे राहा ना. थोडं नैसर्गिक." आपल्या घराच्या जागेवरच्या बंद शटरसमोर नैसर्गिक कसं उभं राहायचं ते मला आजतागायत कळलेलं नाही. मी हात मागे घेतले, मग पुढे घेतले. पुण्याच्या बाईंनी विचारलं, "तुम्ही आतासुद्धा अशाच घरात राहता का?" मी म्हटलं, नाही, फ्लॅटमध्ये. त्या जरा हिरमुसल्या. एकाने विचारलं, तेव्हा खानदेशात खात काय होते? साडू माझ्याआधी म्हणाले, "भरीत." माणसं लिहून घेत होती.

नाना माझ्या कानाशी आले. "पैसा दीसन आपलीच गल्ली देखी ऱ्हायना?" मी साडूंकडे बोट दाखवलं. नानांनी साडूंना खालून वर बघितलं आणि एवढंच म्हणाले, "पुन्याचे का?"

पोहे गार होते. प्रश्नांची वेळ आली तेव्हा गाईडला बस गाठायची होती, सबब बाळाजी बळवंत राहिलाच. जाताना सलूनवाल्या पोराने मला गाठून नानांच्या दाढीचे पैसे मागितले, वर तीनदा जास्तीच्या लावलेल्या फेसाचे दहा रुपये. तुमच्या लोकांमुळे झालं, म्हणाला. तुमच्या लोकांमुळे! मी दिले. साडू तेवढ्यात पांझरेचा फोटो काढायला गेले होते. मार्चात पांझरेत काय असतं ते त्यांना पुलावर गेल्यावर कळलं असेल.

परवा पुढच्या वॉकची जाहिरात मोबाईलवर आली. त्यात शटरसमोर मी. खाली ठळक अक्षरात 'मूळ रहिवाशांशी थेट गप्पा', आणि दोनशेचे तीनशे झालेले. नाना फोटोतून कापलेत, फक्त डाव्या कडेला फेसाचं एक बोट राहिलंय. सकाळी चक्कीवर नाना भेटले. त्यांनी जाहिरात पाहिली होती. बोटाबद्दल काही नाही, शंभर रुपयांबद्दलही नाही. त्यांचा आक्षेप एवढाच की ब्रिग्जचं नाव एवढं मोठं आणि विश्वेश्वरय्यांचं नाहीच. त्या पोराला फोन करून सांग म्हणाले. मी त्यांच्यासमोरच फोन लावला, त्याने उचलला नाही. मेसेज टाकला, तर उलट मेसेज आला, मोजक्याच जागा शिल्लक, त्वरा करा.

नाना म्हणाले, "मन्हं नाव टाकी दे."