‘आम्ही टॅक्स भरतो, ते फुकट खातात’ : तासगावातून एक उत्तर

गेल्या महिनाभरात एकच मेसेज माझ्याकडे चार ठिकाणांहून आला. शाळेच्या बॅचचा ग्रुप, भावकीचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, आणि शेवटी एका जवळच्या मित्राकडून. म्हणणं थोडक्यात असं : मूठभर लोक टॅक्स भरतात आणि बाकीचे फुकट खातात. फुकट मिळायला लागल्यापासून कामाला माणूस मिळत नाही. पूर्वी आपली माणसं सरकारपुढं हात पसरत नव्हती, आपला तर पत्री सरकारचा मुलूख. महापुरातसुद्धा लोकांनीच लोकांना वाचवलं. तेव्हा सरकारनं पोलीस आणि रस्ते तेवढे बघावेत, बाकी सगळं खासगी करून टाकावं.

मेसेज पाठवणारी माणसं वाईट नाहीत. कष्टाची आहेत, बरीचशी माझ्या ओळखीची आहेत. म्हणूनच गप्प बसवत नाही.

पहिलं टॅक्सचं, कारण ते माझं रोजचं काम आहे. मी तासगावात लोकांचे रिटर्न भरून देतो. आधी इन्कम टॅक्स आणि व्हॅट, 2017 च्या जुलैपासून जीएसटी. आमच्या बिल्डिंगचा जिना झाडायला येणाऱ्या मावशींनी एकदा मला विचारलं, “दादा, आमी काय टॅक्स भरत न्हाई न्हवं?” त्यांच्या मोबाईलचा रिचार्ज 349 चा होता. मी कागदावर मांडून दाखवलं. त्यात 18 टक्के जीएसटी धरलेला असतो, म्हणजे जवळजवळ 53 रुपये टॅक्स. घरकुलाच्या पैशात स्वतःचे पैसे घालून त्यांनी स्लॅब टाकला होता, तेव्हा सिमेंटवर 28 टक्के जीएसटी होता. साडेतीनशेच्या एका पोत्यामागं पंच्याहत्तरच्या वर रुपये टॅक्समध्ये गेले. साबण, तेल, गाडीतलं पेट्रोल यांचा हिशेब निराळाच. मावशी बराच वेळ त्या कागदाकडं बघत राहिल्या आणि मग घडी घालून तो पिशवीत ठेवला.

आता दुसरी बाजू. 2025 च्या अर्थसंकल्पानंतर नव्या पद्धतीत 12 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या पगारदाराला इन्कम टॅक्स लागत नाही. हा मेसेज पाठवणाऱ्यांपैकी दोघांचे रिटर्न मीच भरतो आणि दोघांचा टॅक्स शून्य येतो. जुन्या पद्धतीत घरकर्जाचं व्याज, विमा, पीएफ यांची वजावट मिळते, तीही सरकारनं सोडून दिलेली रक्कमच असते. तिला कुणी फुकट म्हणत नाही, आणि म्हणूही नये. पण मग तोच शब्द रेशनच्या रांगेतल्या माणसाला कशाला लावायचा?

‘फुकट मिळालं की लोक काम करत नाहीत’ हे वाक्य तासगाव तालुक्यातल्या माणसानं पुढं पाठवलं याचं मला फार वाईट वाटलं. रोजगार हमीचा पहिला प्रयोग झाला तो याच तालुक्यातल्या विसापूरला, 1965 साली. कल्पना वि. स. पागेंची. ते तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते. विचार साधा होता : ज्याला काम हवंय आणि अंगमेहनतीची तयारी आहे, त्याला काम देणं ही सरकारची जबाबदारी. 1972 च्या दुष्काळात योजना राज्यभर उभी राहिली, 1977 साली विधिमंडळानं कायदा केला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. काम मागितल्यावर 15 दिवसांत मिळालं नाही तर भत्ता द्यायचा, असं त्या कायद्यात होतं. पुढं 2005 साली केंद्रानं देशासाठी जो कायदा केला त्याची वाट इथूनच गेली.

माझी आजी आटपाडीकडची. बहात्तरला ती खडी फोडायला जात होती. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा ती डाव्या बोटांना गुंडाळायची, हातोडी निसटली तर बोट वाचावं म्हणून. तरी अंगठ्याचं नख कायमचं काळं झालं होतं. लहानपणी मी ते हात लावून बघत असे. ब्रासभर, म्हणजे शंभर घनफूट, खडी भरली तरच मुकादम मस्टरवर मजुरी लावायचा. दुपारी सुकडी मिळायची, ती पदराला बांधून ती घरी पोरांना आणायची. रेशनला लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी. आपण सरकारचं फुकट खाल्लं असं ती मरेपर्यंत कधी म्हणाली नाही, कारण तिनं खाल्लंच नव्हतं. त्या काळात बांधलेले पाझर तलाव अजून त्या भागात आहेत. पाऊस बरा झाला की भरतात, खालच्या विहिरींना पाणी येतं.

आणि या योजनेला पैसा कुठून आला? पगारदारांच्या पगारातून महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये कापले जातात तो व्यवसाय कर. 1975 साली तो कायदा झाला तो रोजगार हमीसाठीच. नोकरदारानं दिलेला पैसा आणि तेवढाच सरकारनं घातलेला, असा तो निधी होता. नोकरदार आणि खडी फोडणारी बाई एकमेकांच्या विरोधात उभी आहेत असं त्या वेळच्या महाराष्ट्राला वाटलं नाही. मेसेजवाले आज त्यांना समोरासमोर उभं करतात.

द्राक्षाच्या छाटणीला माणूस मिळत नाही, हे मात्र खरं आहे. पण त्याचं कारण लाडकी बहीण योजनेचे महिन्याचे 1500 रुपये नव्हेत. 1500 म्हणजे दिवसाला 50. 50 रुपयांसाठी कुणी दिवसाची मजुरी बुडवत नाही. पोरं शिकली, पुण्याला गेली, एमआयडीसीत लागली. ती शिकावीत असंच तर आपल्याला वाटत होतं.

पत्री सरकारचं नाव या वादात ओढावं हे मला सगळ्यात जास्त खटकलं. वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके तेव्हा सातारा जिल्ह्यातच होते. 1943 पासून क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रति सरकारनं, म्हणजेच पत्री सरकारनं, गावागावांत काय केलं? न्यायनिवाडे केले, गुंडांचा आणि दरोडेखोरांचा बंदोबस्त केला, सावकारीला चाप लावला, कमी खर्चात गांधी विवाह लावून दिले, तुफान सेना उभी केली. ही सगळी सरकारनं करायची कामं. इंग्रजांचं सरकार ती करत नव्हतं म्हणून लोकांनी आपलं सरकार काढलं. ‘सरकारच नको’ असं त्यांचं म्हणणं असतं, तर त्यांनी त्याला सरकार हे नाव दिलंच नसतं. त्याच्याही आधी, 1882 साली, महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा असं सांगितलं. शेतकऱ्याच्या पैशावर वरच्यांचं शिक्षण चालतं आणि त्याच्या पोराला शाळा नाही, ही त्यांची तक्रार होती. त्यांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 ला कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली ती लोकांच्या मूठमूठ धान्यावर आणि मदतीवर वाढली, हे अगदी खरं. पण आज तिच्या अनुदानित शाळांतल्या शिक्षकांचा पगार राज्याच्या तिजोरीतून होतो. आमच्या मागण्यांना इतका जुना इतिहास आहे. त्यात हात पसरणं नाही.

महापुराचं मी थोडक्यात सांगतो, कारण 2019 मधली ब्रह्मनाळची उलटलेली बोट आठवली की अजून लिहवत नाही. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट, आणि त्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं. तरुण मंडळांनी, नावाड्यांनी, शेजाऱ्यांनी माणसं काढली, जेवणं पुरवली. त्यांचे उपकार फिटणार नाहीत. पण कोयना धरणातून किती पाणी सोडायचं, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातून किती सोडायला लावायचं, हे कुठलं मंडळ ठरवणार आहे? दोन राज्यांनी बसून ठरवायची ती गोष्ट आहे. पुरेशा बोटी वेळेवर आल्या नाहीत हा राग असेल तर तो मलाही आहे. त्यातून निघतं ते एवढंच, की सरकारनं आपलं काम जास्त नीट करायला हवं होतं.

सरकारी कामाचा राग मलाही चांगला ठाऊक आहे. आईच्या एका दाखल्यासाठी मी एका कचेरीत चार हेलपाटे घातले आणि चौथ्या वेळी साहेब रजेवर होते. निवडणुका तोंडावर आल्या की घोषणा सुटतात, ठेक्यात टक्केवारी चालते, हेही सगळ्यांना दिसतं. त्यावर बोला, मी तुमच्याबरोबर आहे.

राहिलं खासगीकरण. कराड तालुक्यातल्या टेंभूजवळ कृष्णेचं पाणी उचलतात आणि टप्प्याटप्प्यानं चढवत खानापूर, आटपाडीकडं नेतात. म्हैसाळचं पाणी तसंच जतपर्यंत. नागनाथअण्णा नायकवडींनी 1993 पासून आटपाडीला पाणी परिषदा भरवल्या, माणसं उन्हात बसली, वर्षानुवर्षं भांडली, तेव्हा हे पाणी आलं. जतच्या सीमेवरच्या गावांना अजून पुरेसं मिळालं नाही म्हणून कर्नाटकात जायची भाषा निघाली. इतक्या उंचीवर, दुष्काळी शिवारात पाणी चढवून कुठल्या कंपनीला नफा होणार आहे? या योजनांच्या वीजबिलाचा 81 टक्के भार सरकार उचलतं आणि 19 टक्के शेतकऱ्यानं द्यायचा असतो.

भावकीच्या ग्रुपवर हा मेसेज टाकणारा माझा चुलतभाऊ. त्याच्या रानाला टेंभूचं पाणी आहे आणि पाणीपट्टी त्याच्या ऊसबिलातून कापून जाते. त्याबद्दल त्यानं कधी कुरकुर केली नाही. उरलेल्या 81 टक्क्यांचं मी त्याला परवा सांगितलं. मावशींच्या रिचार्जमधल्या 53 रुपयांतला निम्मा जीएसटी राज्याच्या तिजोरीत येतो, आणि त्याच्या उसाचं पाणी उचलणाऱ्या पंपाचं बिल त्याच तिजोरीतून भरलं जातं.