पाणी गढूळ होतं हे खरं, आणि फोनवर आमचंच चुकलं

नमस्कार सर, आमच्या स्कूबा डाईव्ह आणि फिशिंगबद्दलचा तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू वाचला, घरात सगळ्यांनीच वाचला. उत्तर द्यायला चार दिवस लागले कारण सीझनचे शेवटचे दिवस आहेत आणि घाईत काहीतरी खरडायचं नव्हतं. तुमचं म्हणणं असं की फोनवर पाणी क्लियर सांगितलं आणि खाली धड काही दिसलं नाही, मिसेसना पाच मिनिटांत वर काढलं तरी पैसे पूर्ण घेतले, मुलावर आमचा माणूस ओरडला, आणि फिशिंगला तीन तासांत दोनच मासे लागले ते पण परत सोडायला लावले.

फोनचं आधी सांगतो. बुकिंगला बसणारा मुलगा "पाणी एकदम काच आहे" असं बोलला, मी त्याला विचारलं, तो कबूल झाला. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात मालवणात कोणी असं बोलूच नये. काचेसारखं पाणी बघायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी यायला हवं. मे मध्ये पाणी कोमट असतं, वर 29-30 डिग्री, उतरायला मस्त वाटतं, पण लांब दक्षिणेकडे कुठेतरी वादळी वारा झाला की त्याच्या लाटा आपल्याकडे वारा नसला तरी येऊन पोचतात आणि किल्ल्याजवळच्या उथळ पाण्यात तळाची रेती उठवतात. ही आमची चूक, सॉरी.

पण त्या दिवशीचं एक तुम्ही लिहिलं नाहीत. तुमचा स्लॉट 11 चा होता, तुम्ही जेटीवर दीडला पोचलात. फोंडा घाटात अडकलात, ते तुमच्या हातात नव्हतं, मान्य. पण आम्ही 11 उगाच सांगत नाही हो. अमावस्येचा दुसरा दिवस होता, म्हणजे उधाण. आमच्याकडे जुनी माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, प्रतिपदेला पाऊण, म्हणजे साधारण पाऊण वाजता भरती पूर्ण, आणि त्याच्या आगेमागे थोडा वेळ पाणी थांबतं तेव्हाच खाली बरं दिसतं. सकाळच्या बॅचला चार-पाच मीटरपर्यंत दिसलं. तुम्ही अडीचला उतरलात तेव्हा ओहोटीची ओढ लागलेली, वरून दुपारचा खारा वारा सुटलेला. मी स्वतः उतरलो होतो, दोन मीटरच्या पुढे सगळं हिरवट दूध. तेव्हाच मी "आज नको, उद्या सकाळी या" म्हणायला पाहिजे होतं आणि मी म्हटलं नाही, तुम्ही पुण्याहून आलात म्हणून भीड पडली. परत असं करणार नाही.

मिसेसना वर काढलं त्याबद्दल मात्र सॉरी म्हणणार नाही. फॉर्मवर त्यांनी सर्दी नाही लिहिलं होतं, पण तीन मीटरवर त्या कानाकडे बोट दाखवत होत्या, नाक दाबून हवा सोडली तरी कान मोकळा होत नव्हता. 10 मीटरवर दाब जमिनीच्या दुप्पट होतो, आणि कानाला खरा त्रास त्याआधीच्या पहिल्या काही मीटरमध्येच होतो. आणखी मीटरभर खाली नेलं असतं आणि पडदा फाटला असता तर? पैसे घ्यायला नको होते, ते परत करतो.

मुलाचं. त्याने फोटोसाठी पोवळ्यावर पाय ठेवला. आमचा माणूस वर आल्यावर ओरडला, "थय पाय ठेव नको रे, जिवंत आसा ता!" आवाज मोठा होता, लहान मुलाशी तसं बोलायचं नाही हे त्याला सांगितलंय. पण सर, तो बशीएवढा तुकडा मोडला तिथे आतला पांढराशुभ्र भाग उघडा पडलाय, मी दुसऱ्या दिवशी जाऊन बघितला. ते वाढायला वर्षं लागतात. 1987 पासून इथे सागरी अभयारण्य आहे आणि पोवळं वन्यजीव कायद्यात वाघाच्याच यादीत येतं. पाव-बिस्किटं टाकून आम्ही मासे गोळा करत नाही तेही ह्याचमुळे, कितीही जणांनी मागितलं तरी.

फिशिंगला गरीला दोन तांबोशी लागल्या, दोन्ही वीतभर पण नव्हत्या. ह्या उन्हात मासा खोल खडपात जाऊन बसतो, चावतो तो पहाटे किंवा दिवस बुडताना, आणि तुम्हाला चार ते सातच जमत होतं. शेवटच्या अर्ध्या तासातच दोन्ही लागल्या, आठवतंय ना? एवढीशी पिल्लं आम्ही ठेवत नाही. 1 जूनपासून दोन महिने बंदी आहे ती मासा अंडी घालतो म्हणूनच, मग 20 मे ला पिल्लं मारून काय मिळवायचं? फिशिंगचे पैसे मी परत करणार नाही, डिझेल आणि माणसाचा तीन तासांचा वेळ गेलाय.

तर मिसेसच्या डाईव्हचे पूर्ण आणि तुमच्या दोघांचे अर्धे पैसे, ज्या नंबरवरून तुम्ही भरले होते त्यावरच आज रात्री टाकतो, नंबर बदलला असेल तर आधी कळवा. आणि मुलाचा डाव्या पायाचा सँडल बोटीत राहिलाय, पत्ता पाठवलात तर कुरिअर करतो.