रोममधली चौथी सीट

आमचे हे रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसातून रिटायर होऊन चार वर्षं झाली, पण घरात वरणाला अजून ‘राइट टाइम’ उकळी यावी लागते. लेकीकडे जर्मनीला गेलो असताना दोन रात्रींसाठी रोमला जायचं ठरलं, तेव्हा एका दिवसाचं रोम ह्यांनी एका कागदावर मांडलं. आगमन, प्रस्थान, अंतर, शेरा. कोलोसियम आगमन 8.30, प्रस्थान 9.40. मी कागद उलटसुलट करून पाहिला.

“अहो, मध्ये टेकायचं कुठे?”

“मेट्रोत,” हे म्हणाले.

पहिला थांबा कॉफीचा. मी खुर्ची ओढली, ती ह्यांनी परत आत ढकलली. इथे काउंटरशी उभ्याने प्यायली तर एक भाव, टेबलाशी बसलं की त्याच कपाचे दुप्पट-तिप्पट. इटालियन माणसं खरंच दोन घोटांत कप रिकामा करून चालू पडतात. कप तरी केवढा, खोकल्याच्या औषधाच्या झाकणाएवढा. त्यासाठी बसायचं कशाला, हे मलाही पटलं. गुडघ्यांना पटलं नाही.

कोलोसियम इ.स. 80 मध्ये टायटस सम्राटाने उघडलं. कमानींवर कोरलेले आकडे अजून दिसतात. प्रेक्षकाने आपल्या बिल्ल्यावरचा आकडा बघायचा आणि त्याच कमानीतून आत जायचं. ह्यांचा गळाच दाटून आला. “प्लॅटफॉर्म नंबर, बघ! दोन हजार वर्षांपूर्वी!” मी मात्र आत शिरल्यापासून बैठका शोधत होते. जवळजवळ 50,000 माणसांच्या बसण्याची सोय केलेली इमारत, आणि आज एक जागा रिकामी नाही, कारण जागाच नाहीत. तिथला संगमरवर पुढच्या शतकांतल्या लोकांनी आपापली चर्चं आणि वाडे बांधायला उचलून नेला. एका कडेला थोड्या पांढऱ्याशुभ्र पायऱ्या पुन्हा रचून ठेवल्यात, त्याही लांबूनच बघायच्या. लग्नातल्या नवरानवरीच्या सोफ्यासारख्या.

फोरम, म्हणजे जुन्या रोमचा मुख्य चौक, त्याबद्दल फार सांगण्यासारखं माझ्याकडे नाही. तिथल्या उंचसखल फरसबंदीवर पाय मुरगळू नये म्हणून मी सगळा वेळ खालीच बघत होते. सीझरचं दहन झालं ती जागा तेवढी पाहिली. लोक तिथे अजून फुलं ठेवतात. हा निदान आडवा तरी झाला, असं मनात आलं. पाप लागलं असेल.

बाहेर पडलो तेव्हा आम्ही बारा मिनिटं लेट होतो. ह्यांनी तडकाफडकी पँथिऑन या जुन्या रोमन देवळाचा हॉल्ट रद्द करून ते ‘थ्रू’ काढलं. आणि तिथून दोन-तीन गल्ल्या पलीकडे मला साक्षात्कार झाला. चर्चमध्ये बाकं असतात! रोममध्ये नऊशेच्या वर चर्चं आहेत. म्हणजे नऊशे ठिकाणी पाठ टेकायची सोय, तीही बहुतेक ठिकाणी फुकट. आयुष्यात कधी आली नव्हती एवढी भक्ती माझ्या अंगात आली.

त्या चर्चचं नाव सान लुइजी देइ फ्रांचेझी. आत एका कोपऱ्यातल्या देवळीत काराव्हाजो या चित्रकाराची तीन चित्रं आहेत, पण अंधारात. शेजारी एक डबा. त्यात नाणं टाकलं की दिवा लागतो, थोड्या वेळाने खट्कन बंद होतो. मी बाकावर बसून तिथली मौज बघत राहिले. चाळीसेक माणसं काळोखाकडे तोंड करून उभी, सगळ्यांचे हात खिशात, आणि प्रत्येकजण वाट बघतोय की दुसरा कोणीतरी नाणं टाकेल. अमेरिकन जपान्याकडे बघतो, जपानी जर्मनाकडे. शेवटी एका शाळकरी मुलीने टाकलं आणि अख्ख्या जमावाने सुटकेचा श्वास सोडून माना उंचावल्या. संत मॅथ्यू टेबलाशी पैसे मोजत बसलाय आणि येशू त्याला बोलवायला आलाय, असं ते चित्र. टेबलाभोवतीची बहुतेक मंडळीही आरामात बसलेली. उठवायला आलेल्या माणसाकडे मॅथ्यू जसा बघतोय, तसंच मी ह्यांच्याकडे बघितलं.

“प्रस्थान,” हे म्हणाले.

त्रेव्हीच्या कारंज्याच्या काठावर मी नुसतं टेकल्यासारखं केलं, तर पोलिसाची शिट्टी वाजली. स्पॅनिश स्टेप्सवर गेलो. 135 ऐसपैस, रुंद, उन्हात तापलेल्या पायऱ्या, आणि त्यावर बसायला 2019 पासून बंदी! दंड 250 युरोपासून पुढे. मी मनातल्या मनात रुपये केले, वीस हजारांच्या वर गेले. खरं सांगते, क्षणभर मी त्याचाही विचार केला. पुढे मेट्रोतही बसायला मिळालं नाही. ह्यांनी नजर चुकवली.

साडेतीनचा व्हॅटिकन म्युझियमचा स्लॉट आम्ही गाठला. कित्येक दालनं वाहत वाहत पार करून शेवटी सिस्टीन चॅपलमध्ये येऊन पडलो. दादरच्या पुलासारखी गर्दी, सगळ्यांच्या माना वर, आणि मधूनमधून पहारेकऱ्याचं “सिलेंझिओ!” माझी नजर मात्र भिंतीकडे गेली. भिंतीला लागून बाकं होती. भरलेली. पण त्यात एका ठिकाणी दोन आज्या आणि एक नन अशा ऐसपैस बसल्या होत्या, की माझ्यातली डोंबिवली जागी झाली.

सत्तावीस वर्षं मी लेडीज डब्यातून सीएसटीला गेलेय. तिघींच्या बाकावर चौथी सीट मागायची एक पद्धत असते. पर्स पुढे घ्यायची, डोळ्यांत बघायचं नाही, हाताने हवेत किंचित ‘सरका’ करायचं आणि उत्तराची वाट न बघता एक मांडी टेकवायची. ठाण्याला एक मांडी, घाटकोपरला दोन्ही. पोपच्या खाजगी चॅपलमध्ये मी शब्दही न बोलता हे केलं. नन सरकली. तिचा तिलाही पत्ता लागला नाही.

मग मी वर बघितलं. मायकेलअँजेलोने हे छत 1508 ते 1512 अशी चार वर्षं, मान मागे टाकून, उभ्याने रंगवलं. त्या हालांवर त्याने कुरकुरीची कविताही लिहिली. आणि ज्याचं चित्र काढलं तो आदम? चांगला रेललाय. साक्षात देव उडत भेटायला आलाय, तरी हा उठत नाही. नुसता हात पुढे केलाय, तोही आळसावलेला. मला तो फार आवडला.

भिंतीला वळसा घालून सेंट पीटरच्या चौकात आलो तेव्हा ऊन कलत होतं. मंगळवार होता. दुसऱ्या दिवशी पोपचं जाहीर दर्शन म्हणून चौकात खुर्च्या मांडून ठेवलेल्या. ओळीच्या ओळी, हजारो, सगळ्या रिकाम्या. आणि पुढे कठडा. मी काही बोलले नाही. बाजूच्या खांबांच्या रांगेपाशी पायरी दिसली, तिथे जाऊन बसले. कोणी शिट्टी वाजवली नाही.

हे कठड्याशी उभे राहून कागद बघत होते. अजून दोन थांबे बाकी होते. मग कागदाची घडी झाली, ती खिशात गेली, आणि हे सावकाश, एक पाय थोडा फरफटत, माझ्याकडे आले.

“सरक गं जरा,” हे म्हणाले.

पायरी लांबच लांब मोकळी होती. तरी मी मोजून चौथ्या सीटएवढीच जागा दिली.